वनस्पतिजन्य कीटकनाशके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतींच्या अर्कांबद्दल दोन परस्परविरोधी मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की, हे अर्क निसर्गातले असल्यामुळे त्यांच्यापासून कोणालाच अपाय होत नाही. दुसरे असे की, ते कितीही फवारले तरी किडी मरत नाहीत. ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून निघाली आहेत, कारण दोघांनीही अर्काला रासायनिक औषधाचा सौम्य भाऊ मानलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक अर्कांची काम करण्याची रीतच निराळी असते, आणि जे थोडे अर्क झटपट मारतात ते मुळीच सौम्य नसतात.

वनस्पतिजन्य कीटकनाशक म्हणजे नेमके काय?

वनस्पतीच्या बिया, पाने, मुळे, साल किंवा फुले यांतील किडींना बाधक ठरणारी संयुगे पाणी, तेल, अल्कोहोल किंवा वाफ यांच्या साहाय्याने वेगळी करून पिकावर अथवा साठवलेल्या धान्यावर वापरली, की त्यांना वनस्पतिजन्य कीटकनाशक म्हणतात. ही संयुगे वनस्पतीच्या वाढीसाठी थेट लागत नाहीत. पाने खाणाऱ्या किडींपासून आणि रोगांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ती तयार होतात, आणि म्हणूनच बहुधा ती झाडाच्या सर्वांत मोलाच्या भागात, म्हणजे बियांमध्ये, अधिक साठवलेली आढळतात. अर्क करताना झाडाचा कोणता भाग घ्यावा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

अर्क फवारला, पण दुसऱ्या दिवशीही अळ्या जिवंत दिसतात. औषध लागू पडले नाही, असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. सर्वाधिक वापरात असलेल्या कडुनिंबाचे उदाहरण घेतल्यास याचे कारण स्पष्ट होते. निंबोळीतील मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन हा आहे. तो किडीला जागेवर मारत नाही, तर तिच्या आयुष्यक्रमात तीन ठिकाणी अडथळा आणतो. पहिले म्हणजे, तोंडाच्या भागांवरील चव ओळखणाऱ्या पेशींवर त्याचा परिणाम होऊन कीड खाणे कमी करते किंवा थांबवते. दुसरे म्हणजे, कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचे स्रवणे बिघडते, त्यामुळे अळी पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही, अर्धवट कात टाकून अडकते किंवा कोषातून व्यंग असलेला पतंग बाहेर पडतो. तिसरे म्हणजे, वाचलेल्या माद्यांची अंडी घालण्याची क्षमता घटते. हे सारे घडून येण्यास तीन ते सात दिवस, आणि काही वेळा त्याहूनही अधिक काळ लागतो.

म्हणून फवारणीनंतर मेलेल्या अळ्या मोजण्यापेक्षा नव्याने कुरतडलेली पाने मोजावीत. पाच-सहा झाडांना खूण करावी, फवारणीच्या दिवशी त्यांच्या शेंड्याकडील पानांची स्थिती लिहून ठेवावी, आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी तीच पाने पुन्हा तपासावीत. अळी जिवंत आहे, पण सुस्त आहे, तिची वाढ खुंटली आहे आणि पानावर नवी छिद्रे पडलेली नाहीत, असे दिसले तर अर्काने आपले काम केलेले आहे.

या गुणाचा शोधही नेमक्या अशाच निरीक्षणातून लागला. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असता आसपासची हिरवळ फस्त झाली आणि कडुनिंबाची झाडे मात्र शाबूत राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीत कीटकशास्त्रज्ञ एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे अत्यंत पातळ द्रावण फवारलेल्या पिकावर टोळ उतरले तरी ते खात नाहीत, हे दाखवून दिले. टोळ मेले नव्हते. ते उपाशी राहिले होते. ॲझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की, ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवण्यासाठी केंब्रिज येथील रसायनशास्त्रज्ञ स्टीव्हन ले यांच्या गटाला सुमारे २२ वर्षे लागली आणि त्यात यश आले ते २००७ मध्ये. कारखान्यात ते स्वस्तात बनवता येत नाही, आणि त्यामुळे आजही त्यासाठी निंबोळ्याच गोळा कराव्या लागतात.

कडुनिंबाखेरीज कोणत्या वनस्पती उपयोगी पडतात?

वनस्पतींची यादी करायची तर ती कितीही लांबवता येईल. त्यापेक्षा त्या कशा काम करतात यावरून त्यांचे गट करणे अधिक उपयुक्त ठरते.

मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या गटात पायरेथ्रम अग्रभागी येते. शेवंतीच्या जवळच्या नात्यातील या फुलझाडाचे मूळ स्थान आजच्या क्रोएशियातील डाल्मेशियाचा किनारा असून आज त्याची लागवड केनिया, टांझानिया, रवांडा आणि ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे होते. त्याच्या फुलांतील सहा संयुगांना एकत्रितपणे पायरेथ्रिन म्हणतात. ती किडीच्या मज्जातंतूंतील सोडियम वाहिन्या बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे कीड काही मिनिटांतच उलटी पडते. मात्रा अपुरी असेल तर तीच कीड शरीरातील विष निष्प्रभ करून काही तासांनी पुन्हा चालू लागते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. तंबाखूतील निकोटिनही मज्जासंस्थेवरच काम करते. त्याविषयी पुढे सुरक्षिततेच्या प्रश्नात लिहिले आहे.

पेशींतील ऊर्जानिर्मिती बंद पाडणाऱ्या गटात डेरिस वर्गीय वनस्पतींच्या मुळांतील रोटेनोन आणि सीताफळाच्या बियांतील ॲसिटोजेनिन ही संयुगे येतात. खाणे व वाढ रोखणाऱ्या गटात कडुनिंब येतो, आणि करंजाचे तेलही पुष्कळसे त्याच वाटेने जाते. लसूण, मिरची, निर्गुडी, गवती चहा, लवंग, ओवा यांसारख्या वनस्पती प्रामुख्याने वासाने व झणझणीतपणाने किडीला दूर ठेवतात. त्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो, म्हणून शेतात त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. बंद भांड्यातील धान्याच्या बाबतीत मात्र हीच बाष्पशील तेले बरीच कामाची ठरतात.

कोणत्या किडींवर अर्क चालतात आणि कोणत्यांवर चालत नाहीत?

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे यांसारख्या मऊ अंगाच्या रस शोषणाऱ्या किडी, पिकावरील लाल कोळी, नागअळी, आणि पाने खाणाऱ्या अळ्यांच्या पहिल्या दोन अवस्था यांवर अर्क समाधानकारक चालतात. अंड्यांवर तेलाचा थर बसल्यास ती गुदमरतात.

पूर्ण वाढलेली अळी, कठीण कवचाचा भुंगेरा, आणि खोडात, बोंडात किंवा फळात शिरलेली कीड यांच्यावर अर्काचा भरवसा धरू नये. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पानावरचा थेंब पोहोचतच नाही. तिच्यासाठी उपाय करायचा तर ती अंड्यातून बाहेर पडून आत शिरण्यापूर्वीच्या मोजक्या काळात करावा लागतो. मका पोखरणाऱ्या लष्करी अळीचेही तसेच आहे. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, पानांवर केवळ पांढरट ओरखडे दिसत असताना निंबोळी अर्क उपयोगी पडतो, पण पोंग्यात भुशासारखी विष्ठा साचू लागली की ती वेळ निघून गेलेली असते.

एकाच गटातील किडींमध्येही मोठा फरक आढळतो. वाळवंटी टोळ ॲझाडिरॅक्टिनच्या अगदी कणभर मात्रेनेही खाणे थांबवतो, तर त्याच्याच नात्यातील काही नाकतोडे त्याला दाद देत नाहीत. माव्याच्या बाबतीत खाणे थांबवण्याचा परिणाम क्षीण असतो आणि पिल्लांच्या कात टाकण्यातील अडथळाच मुख्यतः कामास येतो.

पाच टक्के निंबोळी अर्क कसा तयार करावा?

अर्काचा दर्जा फवारणीच्या दिवशी ठरत नाही, तर निंबोळ्या गोळा केल्या त्या दिवशीच ठरतो. पिकून पिवळ्या झालेल्या निंबोळ्या शक्यतो लवकर वेचाव्यात, कारण ओल्या जमिनीवर पडून राहिलेल्या निंबोळ्यांवर बुरशी चढते. अशा बियांमध्ये ॲझाडिरॅक्टिन तर घटतेच, शिवाय काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे घातक विषही तयार करतात. वरचा गर चोळून काढावा, बिया धुऊन प्रथम काही तास उन्हात आणि नंतर सावलीत पूर्ण वाळवाव्यात, आणि हवा खेळती राहील अशा तागाच्या पोत्यात साठवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून ती टाळावी. साठवलेल्या बियांतील सक्रिय घटक हळूहळू कमी होत जातो. आठ-दहा महिन्यांपेक्षा जुन्या बियांचा अर्क फवारून निराश होण्यापेक्षा त्या बिया जमिनीत मिसळलेल्या बऱ्या.

१०० लिटर द्रावणासाठी कवच काढलेला ५ किलो गर घ्यावा. वाळलेल्या बीमध्ये गराचे वजन साधारण निम्मे असते, त्यामुळे कवचासह बी वापरायचे असल्यास त्या प्रमाणात ते जास्त घ्यावे लागते. गर जाडसर कुटावा. फार जोराने व फार वेळ दळल्यास तेल सुटून लगदा होतो आणि पाणी आत शिरत नाही. हा भरडा सुती फडक्यात सैलसर बांधून सुमारे १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी पुरचुंडी पाण्यातच अनेक वेळा पिळावी, पाणी दुधाळ दिसू लागले की वस्त्रगाळ करून घ्यावे, आणि तोच भरडा थोड्या पाण्यात पुन्हा एक-दोनदा पिळावा. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवावा आणि तो अर्कात मिसळून एकूण द्रावण १०० लिटर करावे. गाळण्यात हयगय केल्यास नोझल वारंवार तुंबते.

हे द्रावण त्याच दिवशी वापरावे.

नुसती पाने उकळून घेतली तर चालेल का?

कडुनिंबाच्या पानांत ॲझाडिरॅक्टिनचे प्रमाण बियांच्या मानाने फारच अल्प असते. पानांचा काढा कडू लागतो, पण कडूपणा म्हणजे कीटकनाशक गुण नव्हे. तो वेगळ्याच संयुगांमुळेही येतो. शिवाय उष्णतेने ॲझाडिरॅक्टिनचे विघटन होते, त्यामुळे निंबोळीचा अर्कही उकळू नये.

लसणाच्या बाबतीत तर उकळणे अधिकच चुकीचे ठरते. लसणाच्या अखंड पाकळीत उग्र वासाचे ॲलिसिन तयार स्वरूपात नसतेच. पाकळी ठेचल्यावर तिच्यातील विकराची (एन्झाइमची) दुसऱ्या घटकाशी गाठ पडते आणि मगच ते निर्माण होते, आणि हे विकर उष्णतेने निकामी होते. म्हणून लसूण आधी ठेचावा, थोडा वेळ तसाच राहू द्यावा आणि मग थंड पाण्यात मिसळावा. मिरचीतील तिखट घटक मात्र उष्णतेला पुरून उरतो.

दहा वनस्पती एकत्र कुजवून केलेला अर्क एका वनस्पतीच्या अर्कापेक्षा दहापट प्रभावी असतो का?

नाही. निरनिराळ्या संयुगांनी एकमेकांना पूरक ठरणे शक्य असते, आणि पुढे प्रतिकारशक्तीच्या प्रश्नात त्याचे एक चांगले उदाहरण दिले आहे. परंतु महिनाभर आंबवलेल्या मिश्रणात कोणते संयुग किती उरले आहे, हे तपासणी केल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि एका खेपेचा परिणाम दुसऱ्या खेपेला मिळेल याची शाश्वती राहत नाही. अशा अर्कांत कण्हेर, धोत्रा, रुई, एरंड यांचा पाला सर्रास घातला जातो. कण्हेरातील संयुगे हृदयावर आणि धोत्र्यातील संयुगे मज्जासंस्थेवर घातक परिणाम करतात. ज्या भाजीची पाने आपण चार दिवसांनी खाणार आहोत, तिच्यावर असे अनिश्चित मात्रेचे मिश्रण फवारणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. दोन-तीन परिचित वनस्पतींचा ताजा अर्क त्यापेक्षा भरवशाचा असतो.

निंबोळी तेल, निंबोळी अर्क आणि ॲझाडिरॅक्टिनची तयार बाटली यांत फरक काय?

निंबोळीच्या गरात साधारण ४० ते ५० टक्के तेल असते. घाण्यावर थंड पद्धतीने काढलेल्या तेलात ॲझाडिरॅक्टिनचा काही अंश उतरतो, पण बराचसा पेंडीत राहतो. शुद्धीकरण केलेल्या तेलात तर तो नाममात्रच उरतो. असे तेल किडीच्या श्वसनछिद्रांवर थर बसवून तिला गुदमरवते. म्हणजे हे दोन वेगळे उपाय आहेत, आणि ते एकमेकांना पर्याय म्हणून वापरल्यास फसगत होते.

तयार बाटलीवर ३००, १५००, ३००० किंवा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) असे आकडे असतात. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का, आणि १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्का, अर्थात एका लिटरमध्ये सुमारे दीड ग्रॅम ॲझाडिरॅक्टिन. १५०० पीपीएमचे औषध एका लिटर पाण्यात ५ मिलि घातले तर त्या पाण्यात ७.५ मिलिग्रॅम सक्रिय घटक येतो. तेवढाच घटक १०,००० पीपीएमच्या ०.७५ मिलि औषधातून मिळतो. बाटलीवरचा आकडा न पाहता सगळ्याच औषधांसाठी "पंपाला अमुक मिलि" हे एकच माप वापरले, तर मात्रा कित्येक पटींनी चुकू शकते.

याच हिशेबाने घरच्या अर्काकडेही पाहावे. पाच टक्के अर्कात एका लिटरमागे ५० ग्रॅम गर असतो. गरात ॲझाडिरॅक्टिन ०.३ टक्के धरले तर ते १५० मिलिग्रॅम होते, आणि त्यातील तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला तरी ५० मिलिग्रॅम मिळतात. चांगल्या बियांचा ताजा अर्क कमअस्सल नसतो, हे यावरून दिसते. अडचण एवढीच आहे की, बियांतील प्रमाण झाडागणिक आणि हंगामागणिक बदलते.

फवारणी केव्हा आणि किती अंतराने करावी?

सायंकाळी करावी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ॲझाडिरॅक्टिन आणि पायरेथ्रिन ही दोन्ही झपाट्याने विघटित होतात. पायरेथ्रिनचा परिणाम उघड्या पानावर काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंतच राहतो, तर ॲझाडिरॅक्टिनचा काही दिवस टिकतो. सायंकाळच्या फवारणीमुळे अर्काला संपूर्ण रात्र मिळते, आणि निशाचर अळ्या नेमक्या त्याच वेळी खायला बाहेर पडतात.

हे जलद विघटन वरदानही आहे आणि अडचणही. फळभाजीवर अवशेष राहत नाहीत हे खरे, पण त्याची किंमत म्हणून सात ते दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा फवारावे लागते, आणि पाऊस आल्यास त्याआधीच. अर्काचा पानाशी संपर्क येणे अत्यावश्यक असल्यामुळे पानांच्या खालच्या बाजूला द्रावण पोहोचले पाहिजे. मावा आणि पांढरी माशी तेथेच असतात. घाईघाईने वरून मारलेली फवारणी बहुतांशी वाया जाते.

पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) पाहावा. ॲझाडिरॅक्टिन किंचित आम्लधर्मी पाण्यात, म्हणजे ४ ते ६ सामूच्या दरम्यान, सर्वांत स्थिर असते आणि अल्कधर्मी पाण्यात ते लवकर नष्ट होते. साबण स्वतः अल्कधर्मी असतो, म्हणून तो फवारणीच्या थोडेच आधी मिसळावा आणि प्रमाणातच वापरावा.

साबण कशासाठी घालायचा?

पानांवर मेणचट थर असतो, आणि त्यावरून पाण्याचे थेंब घरंगळून जातात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन द्रावण पसरते आणि तेलही पाण्यात मिसळून राहते. साबणाचे द्रावण मऊ अंगाच्या किडींना स्वतंत्रपणेही मारते, त्यामुळे माव्यावर मिळालेल्या यशातला काही वाटा साबणाचा असतो. कपडे धुण्याची तीव्र डिटर्जंट पावडर मात्र वापरू नये. तिने पाने करपतात.

अर्कामुळे पिकाला इजा होऊ शकते का?

होऊ शकते, विशेषतः तेलामुळे. कडक उन्हात, पाण्याचा ताण बसलेल्या पिकावर किंवा कोवळ्या शेंड्यांवर तेलाची जास्त मात्रा पडली तर पानांच्या कडा करपतात. गंधकाची फवारणी केली असेल तर त्यानंतर किमान दोन आठवडे तेल फवारू नये, आणि तेल आधी फवारले असेल तर गंधकासाठी तितकेच थांबावे. कोणताही नवा अर्क आधी चार-पाच झाडांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी.

मधमाश्या आणि मित्रकीटकांवर काय परिणाम होतो?

कडुनिंबाचा अर्क मुख्यतः खाण्यातून बाधतो. पाने न खाणारे ढालकिडे, किडी खाणारे कोळी आणि मधमाश्या त्यापासून बऱ्याच अंशी वाचतात. हे कौतुक मात्र मर्यादेतच करावे. क्रायसोपा या मित्रकीटकाच्या व ढालकिड्यांच्या अळ्यांनाही कात टाकावीच लागते, आणि थेट अंगावर फवारणी झाली तर त्यांच्या वाढीवर परिणाम होतो. पायरेथ्रिन कोणताही भेद करत नाही. मधमाशीलाही ते तितकेच मारते. त्याचा सायंकाळी उशिरा, फुलांवर मधमाश्या नसताना वापर करणे एवढाच बचाव हाती राहतो.

नैसर्गिक असल्यामुळे हे अर्क माणसासाठी निर्धोक आहेत ना?

या प्रश्नातील "असल्यामुळे" हा शब्दच दिशाभूल करतो. एखादे विष झाडाने बनवले की कारखान्याने, याच्याशी त्याच्या घातकपणाचा संबंध नसतो.

निकोटिनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तंबाखूचे पाणी कीटकनाशक म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे, आणि कित्येक जण आजही तंबाखूचा काढा हा घरगुती व म्हणून निरुपद्रवी उपाय मानतात. वस्तुतः निकोटिन हे तीव्र विष आहे आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते. ओली तंबाखू हाताळणाऱ्या मजुरांना केवळ स्पर्शातून मळमळ, उलट्या व चक्कर येण्याचा त्रास होतो. अनेक देशांनी निकोटिनची कीटकनाशक म्हणून नोंदणी रद्द केली आहे. अमेरिकेत ती २०१४ मध्ये संपुष्टात आली. त्यात भर म्हणून, तंबाखूच्या काढ्यातून तंबाखूवरील मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीच्या पिकात शिरू शकतो. किडीचा बंदोबस्त करताना रोग घरात आणण्याचा हा प्रकार आहे.

रोटेनोनचा इतिहासही असाच आहे. हे कित्येक दशके सेंद्रिय बागायतदारांचे आवडते औषध होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रोटेनोन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पार्किन्सन आजारासारखे बदल आढळले, आणि २०११ मध्ये शेतीत काम करणाऱ्यांच्या पाहणीत त्याचा वापर व हा आजार यांचा संबंध दिसला. ते माशांना अत्यंत घातक आहे, आणि आता पिकांवरील त्याचा वापर बहुतेक ठिकाणी थांबला आहे.

सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. ती कुटताना गॉगल आणि मुखपट्टी हवीच. निंबोळी तेल तोंडावाटे दिल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पायरेथ्रम सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य असले तरी काहींना त्याची ॲलर्जी होते. मिरचीचा अर्क गाळताना काय होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तात्पर्य, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांचे संरक्षण हे नियम घरच्या अर्कालाही लागू आहेत, आणि अर्काची भांडी स्वयंपाकाला परत घेऊ नयेत.

किडींमध्ये अर्काविरुद्ध प्रतिकारशक्ती येते का?

येऊ शकते, पण येथे एक लक्षणीय फरक आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माव्याच्या ४० पिढ्या वाढवल्या गेल्या. ज्या माव्यावर शुद्ध ॲझाडिरॅक्टिन वापरले त्यात सुमारे नऊपट प्रतिकारशक्ती निर्माण झाली. ज्यावर निंबोळीचा संपूर्ण अर्क वापरला त्यात मात्र ती आढळली नाही. अर्कात ॲझाडिरॅक्टिनसोबत त्याच कुळातील इतरही अनेक संयुगे असतात, आणि सगळ्यांवर एकदम मात करणे किडीला अवघड जाते.

याउलट पायरेथ्रिनच्या धर्तीवर बनवलेल्या कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांना जी कीड सरावली आहे, ती पायरेथ्रिनलाही दाद देत नाही, कारण दोघांचे लक्ष्य एकच आहे. "रासायनिक औषध चालेना, म्हणून वनस्पतीचे घेतले" हा बदल अशा वेळी केवळ नावापुरता ठरतो.

साठवलेल्या धान्यासाठी अर्क वापरता येतात का?

येतात, आणि शेतापेक्षा तेथे यश अधिक मिळते, कारण ऊन, वारा व पाऊस नसतात. कडधान्याला एका किलोमागे ५ ते १० मिलि खाद्यतेल चोळून ठेवले तर भुंगेऱ्यांची अंडी गुदमरतात. खाण्याच्या धान्याला निंबोळी तेलाऐवजी खाद्यतेलच लावावे. बियाण्यासाठी ठेवायचे असल्यास तेल लावलेल्या थोड्या दाण्यांची उगवण आधी तपासून पाहावी. वेखंडाची पूड किडींची प्रजननशक्ती घटवते हे खरे असले, तरी तिच्यातील बीटा-ॲसारोन हे संयुग उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगकारक आढळले आहे, त्यामुळे ती केवळ पेरणीच्या बियाण्यापुरतीच ठेवावी.

तयार औषध अस्सल आहे की नाही, हे कसे ओळखावे?

वेष्टनावर सक्रिय घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, नोंदणी क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख असली पाहिजे. नुसते "शंभर टक्के हर्बल" एवढेच लिहिलेले असेल तर ते न घेतलेले बरे. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत कृत्रिम कीटकनाशक मिसळल्याचे प्रकार निरनिराळ्या देशांत उघडकीस आले आहेत. कडुनिंबाचे म्हणून घेतलेल्या औषधाने मोठ्या अळ्या दोन तासांत पटापट गळून पडल्या, तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. ॲझाडिरॅक्टिनचे काम असे नसते.

फवारणीनंतर भाजी केव्हा काढावी?

तयार औषधावर दिलेला प्रतीक्षा कालावधी पाळावा. घरच्या निंबोळी किंवा लसूण-मिरची अर्कानंतर तीन-चार दिवस थांबावे आणि भाजी धुऊन घ्यावी. अवशेषांचा प्रश्न येथे सहसा मोठा नसतो. वास आणि कडवटपणा मात्र पालेभाजीत रेंगाळतो.

उरलेला अर्क साठवता येतो का?

पाण्यात केलेला अर्क दुसऱ्या दिवसापासून आंबू लागतो आणि त्याची ताकद उतरते, म्हणून लागेल तेवढाच करावा. तरीही उरल्यास तो ओढा, विहीर किंवा तळे यांच्या जवळपास ओतू नये. ॲझाडिरॅक्टिन पाण्यातील कीटकांच्या पिल्लांना बाधते, पायरेथ्रिन माशांना मारते, आणि चिकटण्यासाठी साबणाऐवजी रिठा घातला असेल तर त्यातील फेसाळ घटकही माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. उरलेले द्रावण त्याच पिकाच्या राहिलेल्या ओळींवर फवारून संपवावे, पंप धुतलेले पाणीही तेथेच टाकावे, आणि गाळून राहिलेला निंबोळीचा चोथा झाडांच्या बुंध्याशी मातीत मिसळावा.